टुंड्रातील रस्ता आणि वनस्पतिजीवन

रस्ता हा प्रगतीचा वाहक होय. परंतु ज्या भूमीवरून तो जातो, तिच्या प्रकृतीवरही त्याचे परिणाम होतात. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील डाल्टन महामार्ग हे त्याचे बोलके उदाहरण आहे. खनिज तेलाच्या नळमार्गासाठी १९७४ साली बांधलेल्या या ६६६ किलोमीटर रस्त्याचा उत्तरेकडील भाग टुंड्रा प्रदेशातून जातो. तेथे वृक्ष नाहीत. शेवाळे, खुरटी झुडपे, गवते आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या वर्गातील शैवाक एवढेच हिरवे वैभव. खाली जमीन बारमाही गोठलेली असते.

या रस्त्याचा बराचसा भाग खडीचा आहे. अवजड वाहनांमुळे उडणारी धूळ दुतर्फा बसते. चुनखडीयुक्त धुळीने मातीतील आम्लता घटते आणि आम्लधर्मी जमिनीतच वाढणारे स्फॅग्नम शेवाळ मरू लागते. कॅरिबू हरणांचे हिवाळ्यातील खाद्य असलेली दगडफुलेही विरळ होतात. धुळीने काळवंडलेले बर्फ ऊन अधिक शोषून लवकर वितळते. शेवाळाचा थर हे गोठलेल्या जमिनीचे जणू पांघरूणच. ते विरले की उन्हाळ्यात जमीन अधिक खोलवर वितळते, खचते आणि खळग्यांत पाणी साचते. रस्त्याच्या भरावाने अडलेले पाणी त्यात भर घालते.

जाड भराव, पाण्यास पुरेशा मोऱ्या आणि धूळ बसविण्यासाठी पाण्याची व कॅल्शियम क्लोराइडची फवारणी, हे उपाय तेथे योजले जातात. तथापि एकदा हरपलेले शेवाळ परत येण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणूनच रस्त्याची आखणी करतानाच भूमीची प्रकृती जाणून घेणे, हेच खरे शहाणपण होय.