आधार क्रमांक भिंतीवर नको, अंगठा कुलपात ठेवा



खरीप जवळ आला की पीक विमा, पीक कर्ज, ठिबकचा अर्ज, एकामागून एक कागद सुरू होतात. सातबारा, आठ-अ, पासबुक आणि आधारची झेरॉक्स. सातबारा परक्याने पाहिला तर फारसं बिघडत नाही, तो तसाही कुणालाही पाहता येतो. पण आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा एकत्र गेला तर खातं रिकामं होऊ शकतं. बँक मित्राच्या मशीनवर पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी येत नाही.

‘ठसा कोण चोरणार?’ असं म्हणू नका. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले गेले. त्यावरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. दस्त सरकारी, मालक बिचारे घरी! २०२२ मध्ये पीएम-किसानच्या संकेतस्थळावर शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं. मग ती फट बुजवली गेली.

आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेबांना थोडं स्पष्ट सांगतो. लाभार्थी यादी लावलीच पाहिजे. पण नावापुढे पूर्ण आधार आणि खाते क्रमांक कशाला? आधार कायदा २०१६, कलम २९ प्रमाणे आधार क्रमांक असा जाहीर लावता येत नाही. ओळख पटवायला शेवटचे चार आकडे पुरतात. तीच यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं त्याहून वाईट. भिंतीवरचा कागद पावसात जातो, फाईल कुठवर गेली ते कळत नाही.

तुमच्या हातात काय आहे? झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहून सही करा. जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार द्या. आणि आधारच्या मोबाईल ॲपवरून अंगठ्याला कुलूप लावा, फुकट आहे. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. मात्र कुलूप असताना रेशन दुकानात अंगठा लागणार नाही, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. तात्पुरतं उघडा, धान्य घ्या.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.