ड्रोनच्या थव्याला म्होरक्या लागतो का?

२९ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या वेळी १००० ड्रोननी आकाशात चित्रं काढली, तो सोहळा आठवतोय? अशा शोमध्ये प्रत्येक ड्रोनचा मार्ग सहसा आधीच ठरवून भरलेला असतो. देखणा प्रकार, पण मला जास्त ओढ आहे ती ऐनवेळी आपलं आपण ठरवणाऱ्या थव्यांची.

याचं मूळ १९८६ मधलं. क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पक्ष्यांचा थवा उडवला तो तीनच नियमांवर: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेनं आणि वेगानं चला, घोळक्यापासून तुटू नका. म्होरक्या कुणीच नाही!

खऱ्या ड्रोनवर मात्र हे नियम अपुरे पडतात. जीपीएस मीटर-दोन मीटर चुकतं, शेजाऱ्याचा संदेश उशिरा पोचतो, ब्रेक लगेच लागत नाही. मग एकाच्या उशिरा सावरण्यानं अख्खा थवा हेलकावे खाऊ लागतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर सुरेख उपाय काढला. कुणाला किती अंतरावरून टाळायचं, वेग किती जुळवायचा, हे आकडे त्यांनी उत्क्रांतीच्या पद्धतीनं, सिम्युलेशनमध्ये पिढ्यामागून पिढ्या चाळून निवडले. त्यावर ३० ड्रोन मोकळ्या आकाशात, आभासी अडथळ्यांना वळसे घालत, न धडकता उडाले.

त्याचे व्हिडिओ जरूर पाहा!