नावेतली वीज, नावेतला राऊटर

नागपूरला पाणी पुरवणाऱ्या पेंचच्या नवेगाव खैरी जलाशयावर, मोटारबोटीत सिमकार्डाचा वायफाय राऊटर चालवायला घरच्या २३० व्होल्टची गरज नाही. छोट्या बोटीची बॅटरी सहसा १२ व्होल्टची असते आणि बरेच राऊटरही तेवढेच मागतात. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीवरचा दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून मध्ये दाब १२ वर स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. १२ वॅटचा राऊटर साधारण १ अँपिअर प्रवाह घेतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरायला जवळजवळ दोन दिवस लागतील. पण इंजिनही तिच्यावरच सुरू होत असेल, तर निरोप किनाऱ्याला पोहोचेल अन् नाव पाण्यातच राहील. राऊटरला वेगळी बॅटरी द्यावी, ती यासाठी.