समाजकार्याची पदवी कशासाठीं?

गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "सर, आमची मुलगी बारावीनंतर समाजकार्याची पदवी घ्यावी म्हणते. अहो, गोरगरिबांस मदत करावयास पदवी कशाला हवी? तें अंगींच असावें लागतें." प्रश्न रास्त होता. आम्हांसही एके काळीं तसेंच वाटे. परंतु आमच्याच हातून एक चूक घडली, आणि मत पालटलें.

नववींतील एक मुलगा महिनाभर वर्गांत दिसेना. घरची ओढगस्त ठाऊक होती, म्हणून आम्ही त्यास वह्यापुस्तकें पोंचविलीं आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानांत राहिलों. मुलगा तरीही येईना. आम्हांस थोडा रागही आला, हें कबूल केलें पाहिजे. पुढें आमचीच एक माजी विद्यार्थिनी, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी, त्या वस्तींत क्षेत्रकार्यासाठीं येऊं लागली. ती त्या घरीं तीनदां गेली. पहिल्या खेपेस तिनें कांहीं दिलें नाहीं, सल्लाही दिला नाहीं. नुसती बसली आणि ऐकत राहिली. तेव्हां कळलें कीं, बापास क्षय झालेला, आई पहाटेच कामावर जाणारी, आणि मुलगा बापाला घेऊन दूरच्या रुग्णालयाच्या रांगेंत उभा राहणारा. क्षयाचें औषध जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतें, आणि नोंद झालेल्या रुग्णास पोषणासाठीं दरमहा रक्कम मिळते (नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये आहे), हें त्या घरांत कोणासही ठाऊक नव्हतें. तिनें खटपट करून उपचार जवळच्या केंद्रांत आणविला. मुलगा शाळेंत आला, तेव्हां आमच्या वह्या कोऱ्याच होत्या.

असें ऐकणें शिकवितां येतें. तेंच या पदवीचें मर्म होय. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाचीही सोय झाली आहे. वर्गांत समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, आणि व्यक्ति, गट व समुदाय यांच्याबरोबर काम करण्याच्या पद्धति शिकवितात. पण खरी शाळा बाहेर. आठवड्यांतील साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तींत, रुग्णालयांत किंवा बालगृहांत काम करतात, आणि काय पाहिलें, काय बोललों, कोठें चुकलों, हें लिहून मार्गदर्शकांस दाखवितात. हें लेखन मुलांना फार जड जातें. दुसऱ्याचें दुःख लिहितांना आपला पूर्वग्रहही कागदावर उतरतो, आणि मार्गदर्शक नेमकें त्यावर बोट ठेवतात.

आपल्या देशांत या शिक्षणाचा आरंभ १९३६ सालीं मुंबईंत झाला. सर दोराबजी टाटा यांच्या नांवें निघालेल्या शाळेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. ते आधीं नागपाड्याच्या कामकरी वस्तींत काम करीत. आरंभीं ती शाळा पदवीधरांसाठींच होती. १९४४ सालीं तिचें नांव टाटा समाजविज्ञान संस्था असें झालें. १९८४ मध्यें मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांत अत्याचारपीडित स्त्रियांसाठीं उघडलेला विशेष कक्ष, आणि १९९६ मध्यें संकटांतील मुलांसाठीं सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनिसेवा, हीं दोन्ही कामें याच संस्थेच्या उपक्रमांतून उभीं राहिलीं.

आतां पोटापाण्याचें. रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, न्यायालयाच्या कामीं परिविक्षा अधिकारी, तसेंच बालगृहें व सेवाभावी संस्था, अशीं क्षेत्रें आहेत. परंतु आरंभीं वेतन बेताचेंच मिळतें, पुष्कळ जागा मुदतीच्या कराराच्या असतात, आणि वरच्या जागेसाठीं बहुधा पुढील पदवीही घ्यावी लागते. हें पालकांपासून लपविणें बरें नव्हे.

प्रवेशापूर्वीं महाविद्यालयाची इमारत पाहूं नये. क्षेत्रकार्य कोठें चालतें आणि मार्गदर्शक विद्यार्थ्यांस दर आठवड्यास भेटतात कीं नाहीं, हें विचारावें. त्या गृहस्थांस आम्ही एवढेंच सांगितलें. ते मुलीस घेऊन गेले खरे, पण तेथें त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा: "मुलींना संध्याकाळीं किती वाजतां सोडतां?"