वैलावरचं मटण

रत्नागिरीच्या किनाऱ्याला थंडी ती कितीशी! पण पहाटे पारा विसाच्या खाली उतरला, कलमांना मोहोर धरू लागला की मटणाचा बेत ठरतोच. घरात गॅस आहे, कुकर आहे, तरी त्या दिवशी काकी मागच्या पडवीतली मातीची चूल पेटवते. आधी कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजते, त्याचं वाटण करते, मग मटण परतते. रस्सा उकळला की टोप उचलून वैलावर ठेवते आणि म्हणते, "आता जाळ मागं ओढ. निखारे पुरेत."

वैल म्हणजे चुलीचं बाजूचं तोंड. जाळ थेट त्याच्या खाली नसतो. चुलीच्या पोटातून येणारी धग तेवढी तिथे पोचते. मटणाला नेमकी हीच धग मानवते.

बोकडाची मान, खांदा, नळी हे सतत राबणारे भाग. तिथल्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. जनावर जून असेल तर त्या धाग्यांमधल्या गाठी आणखी घट्ट झालेल्या असतात. साधारण साठ अंशांच्या पुढे कोलॅजन आकसतं आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर काढतं. म्हणून अर्धा तास शिजलेलं मटण कधीकधी कच्च्याहूनही चिवट लागतं. घाबरून तिथेच उतरवलं तर बेत फसला. सत्तर अंशांच्या वर तेच कोलॅजन पाण्याच्या सोबतीने हळूहळू उलगडतं आणि त्याचं जिलेटिन होतं. बोटांना चिकटणारा, ओठांवर रेंगाळणारा रस्सा या जिलेटिनचाच. त्याला तास-दोन तास द्यावेच लागतात.

मग जाळ वाढवून काम लवकर का होत नाही? कारण उघड्या किंवा नुसत्या झाकलेल्या टोपात पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतच नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. लाकडं जळतात, रस्सा आटतो, तळ लागतो, फोडी उसळून फुटतात. तापमान मात्र जिथल्या तिथे. कुकर वाफ कोंडून हे तापमान 120 अंशांच्या आसपास नेतो आणि वेळ वाचवतो. कामाच्या दिवशी तो हवाच. पण त्यात मटण मऊ झालं की फोडीचे धागे सुटेपर्यंत फारसा अवधी उरत नाही, आणि झाकण उघडून बघायचीही सोय नसते.

मला सगळ्यात आवडते ती टोपावरची थाळी. काकी खोलगट थाळीत पाणी ओतून तीच झाकण म्हणून ठेवते. थाळीतलं पाणी वाफेपेक्षा गार, त्यामुळे खालून आलेली वाफ थाळीच्या बुडाला लागून निवते, तिचं पाणी होतं आणि थेंबाथेंबाने पुन्हा रश्श्यात पडते. रस्सा आटत नाही, वासही बराचसा आतच राहतो. वाढवायचाच झाला तर थाळीतलं गरम झालेलं पाणी ओतायचं. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि कोलॅजनचं काम तेवढा वेळ मंदावतं. कणकेने झाकण लिंपून दम देणारेही वाफ अशीच अडवून धरतात.

भाजलेल्या वाटणाची गोष्ट मात्र वेगळी. खमंग तपकिरी रंग यायला प्रथिनं आणि साखर यांची जी प्रक्रिया लागते, ती 1912 साली लुई कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली. ती झपाट्याने व्हायला 140 अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि पाणी असेपर्यंत ते गाठता येत नाही. म्हणूनच कांदा-खोबरं आधी कोरडं भाजायचं. रश्श्यात कितीही वेळ उकळलं तरी तो खमंगपणा येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपाचं झाकण काढलं की वर चरबीचा पांढरट थर दिसतो. बोकडाच्या चरबीत संपृक्त मेदाम्लं जास्त, त्यामुळे ती आपल्याकडच्या हवेतही घट्ट होते. खालचा रस्सा डावाने हलवला तर थरथरतो. रात्रभरच्या गारव्याने जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंतून त्यांनी पाणी धरून ठेवलेलं असतं. काकी निखारे फुंकते, टोप पुन्हा वैलावर सरकवते. कडेने रस्सा सुटू लागतो, आणि तोवर मुख्य चुलीवर घावणाचा तवा तापलेला असतो.