एक लाख तीस हजारांचा फोन युसूफ वडगावात किती वर्षं चालेल?

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. जानेवारी २०२५ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा आला तेव्हा भारतातली त्याची सुरुवातीची किंमत होती १,२९,९९९ रुपये. म्हणजे एका फोनला जवळजवळ साडेचोवीस क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर तीन एकरांचं पीक, तेही बियाणं, फवारणी, मळणी यांचा खर्च वजा न करता आणि मोंढ्यात हमीभाव मिळाला तर. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात अशा फोनचा विचार करायचा तर हिशेब इथूनच सुरू होतो. पगारदार माणूस किंमत महिन्यांत मोजतो, शेतकऱ्याच्या घरात ती हंगामात मोजली जाते.

तरीही हा विचार घरोघरी होतो आणि त्यात वावगं काही नाही. फोन आता शेतीच्या अवजारांतच जमा झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः वावरात जाऊन फोटो काढून करायची असते. पीएम किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यात वावरंच्या वावरं पाण्याखाली गेली, तेव्हा पंचनाम्याला माणूस पोहोचेपर्यंत नुकसानीचा पुरावा होता तो ज्याच्या-त्याच्या फोनमधल्या फोटोंचा. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघाल्या की कोपीवरचा बाप आणि आजीजवळ राहिलेलं लेकरू यांच्यात उरतो तो व्हिडिओ कॉल. तेव्हा चांगला फोन ज्याला हवा आहे त्याला हसू नये. प्रश्न एवढाच, की वरच्या लाखभर रुपयांत नेमकं काय मिळतं आणि त्यातलं आपल्या रानात काय उपयोगी पडतं.

पहिली गोष्ट उन्हाची. दुपारी बांधावर उभं राहून स्वस्त फोनमध्ये गट नंबर वाचायचा प्रयत्न ज्यानं केला आहे, त्याला पडद्याच्या उजेडाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. हा उजेड निट्स या एककात मोजतात. एस२५ अल्ट्राचा पडदा कडक उन्हात जास्तीत जास्त २,६०० निट्सपर्यंत जातो. शिवाय २०२४ च्या एस२४ अल्ट्रापासून या मालिकेच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे. काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीच्या दाव्यानुसार त्यामुळे परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटतं. माझ्या मते गावात राहणाऱ्यासाठी महागड्या फोनमधली सगळ्यात कामाची सुधारणा ही आहे, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पण ऊन म्हणजे नुसता उजेड नव्हे, उष्णताही. सॅमसंग आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सियसच्या हवेत वापरण्यासाठी बनवल्याचं सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलेला फोन त्याहून किती तरी जास्त तापतो. अशा वेळी महागडा फोनही मुद्दाम मंद होतो: पडद्याचा उजेड उतरतो, चार्जिंग थांबतं, कॅमेरा बंद पडतो. तो बिघाड नसतो, फोन स्वतःला वाचवत असतो. इथं एक पेच लक्षात घ्यावा. पडदा पूर्ण उजेडात चालला की त्याचीच उष्णता होते, म्हणून ते २,६०० निट्स काही मिनिटांपुरतेच हाती येतात. फोटो सावलीत उभं राहून काढता येत नाही, हे मान्य. पण फॉर्म भरायचं काम लिंबाखाली बसून करता येतं. लिथियम-आयन बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते ती उष्णतेनं, आणि तापलेली असताना शंभर टक्के भरून ठेवल्यानं. म्हणून बहुतेक चांगल्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. उन्हाळ्याचे तीन महिने ती चालू ठेवली तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं.

चार्जरचंही असंच. सॅमसंगनं २०२१ च्या एस२१ पासून वरच्या फोनच्या डब्यात चार्जर देणं बंद केलं. मग लाख रुपयांच्या फोनला आठवडी बाजारातला दीडशे रुपयांचा चार्जर लागतो. ज्या गावात विजेचा दाब रात्री एक आणि दिवसा एक असतो तिथं ही काटकसर महागात पडते. चार्जर बीआयएसच्या नोंदणी क्रमांकाचा, नामवंत कंपनीचा घ्यावा आणि त्याचे दीड-दोन हजार फोनच्या किमतीतच धरावेत.

पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. आयपी६८ म्हणजे फोन पाण्यात चालतो, असं दुकानात सर्रास सांगतात. त्यातला ६ धुळीसाठी: आत धूळ जात नाही. खळ्यावर, मळणीयंत्राजवळ, उसाच्या फडात हा सहा फार मोलाचा आहे. आठचा अर्थ मात्र मर्यादित. सॅमसंगच्या बाबतीत तो दीड मीटर खोल, गोड्या, स्थिर पाण्यात तीस मिनिटं इतकाच. मोटार बघायला वाकताना खिशातून विहिरीत पडलेला फोन दीड मीटरवर थांबत नाही. ठिबकमधून सोडलेल्या खताचं पाणी, फवारणीचं औषध, पुराचा गढूळ लोंढा हे त्या चाचणीत धरलेलंच नाही. शिवाय वर्षा-दोन वर्षांत रबरी पट्ट्या आणि गोंद सैल होतात, आणि एकदा फोन उघडून दुरुस्त केला की ती हमी उरत नाही. पाणी आत गेल्यास वॉरंटीतही बहुधा बसत नाही.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. २०० मेगापिक्सेलचा आकडा ऐकून भारावून जायचं कारण नाही. नेहमीच्या फोटोत फोन शेजारशेजारचे सोळा बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यामुळे अंधारात फोटो उजळ येतो, हा खरा फायदा. पिवळ्या मोझॅकचं पान किंवा बोंडातली अळी कृषी सहायकाला दाखवायला पंधरा हजारांचा फोनही पुरतो. महागडा कॅमेरा भरपाई देतो ती त्यावर कमावणाऱ्याला: लग्नाचं शूटिंग करणारा, यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ टाकणारा, फोटो स्टुडिओवाला. अशा माणसानं फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, जरूर घ्यावा. तो त्याच्या धंद्याचं भांडवल आहे.

ई-पीक पाहणीला लागतं ते जागेचं अचूक स्थान. चांगल्या फोनमध्ये उपग्रहांचे दोन लहरींवरचे संकेत, एल१ आणि एल५, एकाच वेळी पकडण्याची सोय असते, त्यामुळे झाडांच्या आणि इमारतींच्या आडोशानं होणारी चूक कमी होते. ही सोय आता मधल्या किमतीतही येऊ लागली आहे. उपग्रहाचा संकेत पकडायला मोबाइलची रेंज लागत नाही. फक्त रेंज नसेल तर पहिलं स्थान सापडायला वेळ जातो. वावरात पोहोचल्या पोहोचल्या "लोकेशन येत नाही" म्हणून परत फिरण्याआधी उघड्या आभाळाखाली चार-पाच मिनिटं थांबून पाहावं.

रेंजचं बोलायचं तर बँड बघावेत. आपल्या गावात कोणत्या कंपनीचा टॉवर जवळ आहे, हे गावकऱ्यांना कुठल्याही नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्या कंपनीचे बँड फोनमध्ये आहेत का, एवढंच तपासायचं. जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं. बीएसएनएलचं सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालेलं स्वदेशी ४जीही ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ वापरतं. लहर जितकी कमी वारंवारतेची तितकी ती लांब जाते, म्हणून शिवारात हा बँड उपयोगाचा. पाहुण्यांनी दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेल्या फोनमध्ये बँड वेगळे असू शकतात, आणि तिकडची वॉरंटी इथं चालेलच असं नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट: अपडेट. सॅमसंग एकेकाळी आपल्या वरच्या फोनलाही अँड्रॉइडच्या दोनच नव्या आवृत्त्या देत असे. २०२० मध्ये तीन झाल्या, २०२२ मध्ये चार. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये एस२४ पासून सॅमसंगनंही. हे वचन का मोलाचं? कारण फोन बंद न पडताही निकामी होतो. ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडून दिले. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स जुनी आवृत्ती नाकारू लागतात. हातातला फोन धडधाकट असतो, पण त्याच्यावर पैसे पाठवता येत नाहीत.

वर्षांचा हिशेब मात्र फोन बाजारात आल्या दिवसापासून चालू होतो, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. दुकानदार हे सांगत नाही. एस२४ अल्ट्राचं वचन २०३१ च्या सुरुवातीपर्यंत आहे. तो २०२४ मध्ये घेतला तरी, २०२६ मध्ये घेतला तरी.

म्हणून किंमत उरलेल्या वर्षांनी भागावी. १,३०,००० भागिले सात म्हणजे वर्षाला साडेअठरा हजार. त्यात चौथ्या-पाचव्या वर्षी एक नवी बॅटरी आलीच. तोच एस२४ अल्ट्रा सप्टेंबर २०२५ च्या ऑनलाइन सेलमध्ये पंच्याहत्तर हजारांच्या आत आला होता. उरलेल्या सव्वापाच वर्षांनी भागलं तर वर्षाला चौदा हजार. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांना आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जीला त्याच कंपनीनं सहा वर्षांचं वचन दिलं आहे. वर्षाला सव्वातीन हजारसुद्धा पडत नाहीत.

हा शेवटचा आकडा पाहिल्यावर वरचा फोन घ्यायचं कारण संपतं का? पूर्ण नाही. ए१६ चा प्रोसेसर आजच बेताचा आहे, सहाव्या वर्षीची ॲप्स तो रखडत चालवील. धुळी-पाण्यापासून संरक्षणही आयपी५४ पर्यंतच, म्हणजे शिंतोडे सोसण्याइतकं. फ्लॅगशिपचा प्रोसेसर सात वर्षांचं ओझं वाहू शकतो. पण तो हातात सात वर्षं टिकवायची तयारी असेल तरच. दोन वर्षांनी बदलायचाच असेल तर एक लाख तीस हजार घालवण्यात शेतकऱ्याच्या घराचं हित मला दिसत नाही. आणि ज्याच्या कमाईशी कॅमेरा जोडलेला नाही, त्यानं एक-दोन वर्षं जुनं मॉडेल किंवा लांब वचनाचा मधला फोन घ्यावा, असं मी ठामपणे म्हणेन.

हप्त्यांचं जपून. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बिनव्याजी पैसा नव्हे. व्याज असतंच. ते सवलत म्हणून किमतीतून वळतं केलेलं असतं, म्हणून रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती आपल्याला मिळत नाही. वर प्रक्रिया शुल्क, आणि बँकेचं कार्ड असल्यास व्याजावर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. गावाकडे याहून मोठा धोका वेगळा आहे. फोनचा एक हप्ता चुकला की सिबिलवर डाग पडतो. पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना सुनावलं होतं. ते सुनावावं लागलं, यावरूनच शाखेत काय चालतं ते कळतं. पेरणीच्या तोंडावर पोराच्या फोनच्या हप्त्यापायी बापाच्या नावाचं कर्ज अडू नये. हप्ते ज्याच्या नावावर आहेत त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसा येतो का, हा प्रश्न घरात आधी विचारावा.

दुरुस्तीचंही अंतर मोजावं. फुटलेला पडदा बदलायला वरच्या फोनमध्ये वीस-पंचवीस हजारही लागू शकतात, आणि त्याचा अस्सल पडदा गावातल्या दुकानात मिळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर अंबाजोगाईला आहे, केजला आहे, की बीड-लातूर गाठावं लागेल, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरण्यापूर्वी पाहावं. फोनशिवाय दोन खेपा आणि आठवडाभर काढणं सुगीत परवडत नाही.

सात वर्षांचे अपडेटही एका ठिकाणी हात टेकतात. "पीएम किसान यादी" किंवा "आरटीओ चलान" अशा नावांची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते, आपणच ती उघडतो, परवानग्या देतो, आणि ओटीपी चोराच्या हाती जातात. दीड लाखाचा फोनही तेव्हा वाचवत नाही. सरकारी ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावं, आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा. पहिल्या तासाभरात केलेली तक्रार पैसे गोठवायला उपयोगी पडते.

वापरलेला फ्लॅगशिप विकत घेणारेही बरेच आहेत. त्यांनी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा, आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा व तो पंधरा आकडी क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत आहे का, ते लगेच कळतं. बिल मागावं. बॅटरी किती उरली आहे ते बघावं. स्वतःचा फोन बाजारात चोरीला गेलाच, तर युसूफ वडगावात पोलीस ठाणं आहे. तिथं तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी, आपल्या त्याच मोबाइल नंबरचं सिम पुन्हा काढावं आणि मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय बंद करून टाकावा. त्यानंतर तो फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलंच तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. यासाठी बिलाची आणि डब्याची गरज पडते. म्हणून घेतल्या दिवशीच दोन्हींचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये पाठवून ठेवावा.