बायोडाटा कुठे कुठे गेला?

गेल्या मार्गशीर्षात भाचीचा बायोडाटा मीच टाइप केला. ताईला मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून ती सांगत होती आणि मी लिहीत होते. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, नक्षत्र, गण, नाडी. मग उंची, शिक्षण, नोकरीचं ठिकाण, वार्षिक उत्पन्न. मग वडील, भाऊ, आत्या आणि शेवटी मामा. तिथे आमच्या धाकट्या भावाचं आडनावासकट पूर्ण नाव आणि पुढे ‘कराड’. इमारतीच्या नावासह घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर, पैठणीतला फोटो. पीडीएफ झाली तेव्हा आम्हा दोघींना एक काम मार्गी लागल्याचं समाधान वाटलं.

महिनाभराने ताईला अनोळखी नंबरवरून फोन आला. “ताई, घाबरू नका, मी कराडहून बोलतोय. तुमच्या भावाचा अपघात झालाय. दवाखान्यात आणलंय, पण आधी पैसे भरा म्हणतात.” नाव बरोबर, आडनाव बरोबर, गाव बरोबर. भाचीचं नावही त्याला ठाऊक होतं. तिला एवढ्यात काही सांगू नका, असंही तो म्हणाला. ताईचे हात थरथरत होते, तरी तिने तो फोन ठेवून आधी भावाला लावला. तो दुकानात चहा पीत बसला होता. पैसे वाचले, पण ताई त्या रात्री झोपली नाही आणि माझ्या डोक्यातून ती पीडीएफ जाईना.

तो फोन बायोडाट्यामुळेच आला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या माणसाला जे जे माहीत होतं, ते सगळं त्या एका पानावर होतं.

मी माग काढायचं ठरवलं. ताईने बायोडाटा तिघींना पाठवला होता: चुलत जावेला, भजनी मंडळातल्या काकूंना आणि समाजाच्या वधू-वर ग्रुपच्या ॲडमिन बाईंना. जावेने तो तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. काकूंनी त्यांच्या विहीणबाईंना दिला, त्यांनी आणखी दोन ग्रुपवर. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात. तिसऱ्या हातानंतर मला माग लागेना. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या एकाचाही हेतू वाईट नव्हता. मुलीचं चांगलं व्हावं म्हणूनच प्रत्येकाने तो पुढे पाठवला होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आमचा विश्वास कुणी मोडला नव्हता. ताईचा विश्वास काकूंवर होता, काकूंचा विहीणबाईंवर, विहीणबाईंचा ग्रुपवर. कागद पुढे गेला. ताईचा विश्वास मात्र पहिल्या हातापाशीच थांबला होता.

आमच्या लहानपणी आईच्या ओळखीच्या एक बाई स्थळं सुचवायच्या. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही असायची. ज्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या नाहीत, त्या घराला त्या वहीतला पत्ता देत नसत. मुलीचा फोटो दिला तर नकार आल्यावर तो परत मागून आणायच्या. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतही एक सोय होती. पुष्कळदा नाव-पत्ता छापत नसत, फक्त बॉक्स नंबर असे. उत्तरं वर्तमानपत्राच्या कचेरीत जमत, तिथून घरी येत, आणि कुणाला आपलं नाव कळवायचं हे मुलीकडचे पत्रं वाचून ठरवत. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या वहीत जातीबाहेरचं कुणी नव्हतं, आणि मुलीला काय वाटतं हेही कुणी विचारत नव्हतं. पण कुणाला किती आणि कधी सांगायचं, यावर त्या बाईंची नजर असे.

मामाच्या ओळीवर मी बराच विचार केला. आपल्याकडे स्थळ बघताना मामाचं कूळ विचारतात, म्हणून ती ओळ आपण सहज लिहितो. पण मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि ओळख पटवण्यासाठी बँका आणि कार्ड कंपन्या वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आल्या आहेत. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. ती फाइल चुकून दुसऱ्याच्या हाती पडली, तर तिची किल्ली बायोडाट्याच्या पहिल्या दोन ओळींत आहे. पुष्कळ घरांत मोबाइलच्या बँक ॲपचा चार आकडी पिनही मुलीच्या जन्मतारखेचाच असतो.

अमेरिकेत लाटान्या स्वीनी या संगणकतज्ज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. नावं नाहीत, म्हणजे धोका नाही, असा समज होता. स्वीनींनी मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले, आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २००० साली त्यांनी हिशेब मांडला, की अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एवढ्या तीन गोष्टींवरून ओळखू येण्याची शक्यता आहे. आपल्या बायोडाट्यात या तिन्ही असतात, शिवाय नाव, फोटो आणि जन्माची वेळ मिनिटासकट.

“पण व्हॉट्सॲप तर सुरक्षित आहे ना?” ताईने मला विचारलं. आहे, पण कुठवर ते समजून घ्यायला हवं. एप्रिल २०१६पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातो. वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. हे कुलूप वाटेपुरतं आहे. पलीकडच्या फोनवर पोचलं, की ते पान त्या माणसाचं झालं. तो ते जपून ठेवेल, छापेल, पुढे पाठवेल. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची सोय सुमारे अडीच दिवस असते, आणि ज्याने फाइल आधीच उतरवून घेतली किंवा पुढे पाठवली, त्याच्याकडची प्रत त्याने जात नाही. फोटो चांगला दिसावा म्हणून आपण तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो. तेव्हा तो जिथे काढला त्या जागेची खूण त्याच्या आत राहू शकते, कारण फाइल जशीच्या तशी जाते.

कायद्याचीही मी चौकशी केली. १९६२ साली खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचं रात्री-अपरात्री घरात शिरणं बेकायदा ठरवलं, पण खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असंही बहुमताने म्हटलं. हे मत बदलायला पंचावन्न वर्षं लागली. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या योजनेविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेतून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि स्वतःविषयीची माहिती त्यात येते.

त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, संमतीची सूचना मराठीतही मागता यावी, ही त्यातली तत्त्वं मला मनापासून पटतात. माहिती नीट न राखणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

पण हा कायदा आमच्या बायोडाट्यापर्यंत पोचत नाही. एखाद्याने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी माहिती वापरली तर त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे काकू आणि विहीणबाई त्याच्या बाहेर. आपणच जगजाहीर केलेली माहितीही त्यातून वगळली आहे. काकूंवर खटला भरावा असं मला मुळीच वाटत नाही, पण इथे आपल्या मदतीला सरकार येणार नाही, हे तेव्हा पुरतं लक्षात आलं. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांसाठी २०१६ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: सदस्यांची ओळखपत्रं घ्या, कोण कुठून आलं याच्या नोंदी ठेवा. व्हॉट्सॲपच्या वधू-वर ग्रुपवर लिंक दाबली की आत. ओळखपत्र कोण विचारतं?

आणि आत येणारा प्रत्येक जण स्थळ बघायला येतो असं नाही. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर म्हणवणारा कुणी महिना-दोन महिने गोड बोलतो आणि मग भेटवस्तूचं पार्सल पाठवल्याचं सांगतो. पाठोपाठ विमानतळाच्या ‘कस्टम्स’मधून फोन येतो: पार्सल अडलंय, शुल्क भरा. या फसवणुकीबद्दल सीमाशुल्क खात्याने पुन्हा पुन्हा इशारे दिले आहेत. खातं असं फोन करून कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही. अशा वेळी मुली आणि त्यांचे आईवडील लाजेने गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तासाभरातच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येऊ शकते. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.

भाचीने नवा बायोडाटा स्वतः केला. त्यात तिचं नाव आणि आडनाव आहे, पण जन्माचं फक्त वर्ष आहे. पत्त्याच्या जागी ‘पुणे’, नोकरीच्या जागी क्षेत्राचं नाव. कंपनी नाही, पगार नाही. संपर्काला घरातला एक जुना फोन ठेवला आहे, त्याच्यावर बँकेचे ओटीपी येत नाहीत. फोटोवर फिकट अक्षरांत तिने कुठल्या ग्रुपसाठी तो दिला ते लिहिलं. दर ग्रुपला वेगळं. जन्मवेळ, पत्रिका, नातेवाईक हे सगळं दुसऱ्या पानावर, आणि ते पान बोलणं झाल्यावरच. ताई सुरुवातीला नाराज होती. “मामाचं नाव नसेल तर लोक काय म्हणतील?”

फाल्गुनात साताऱ्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी तोच प्रश्न विचारला: मामा कुठले? ताई क्षणभर थांबली, म्हणाली, “सांगते की. पण आधी तुमचं सांगा.” मग वीस मिनिटं दोघी बोलत होत्या, माहेरांबद्दल, गुडघ्यांबद्दल, मुलांच्या नोकऱ्यांबद्दल. मी चहा ठेवला, आणि तो निवला तरी त्यांचं संपलं नव्हतं.